वजा अकराशे

आमच्या फ्रिजमध्ये तारीख नसलेला डबा सापडला, तर तो शेजाऱ्यांचा समजावा. दुधाच्या पातेल्यावर पट्टी, अर्ध्या लिंबाच्या वाटीवर पट्टी, उरलेल्या भाजीवर पट्टी. आत काय, कधीचं, सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं. हे वहिनीचं काम. ती लग्न होऊन आली तेव्हा मी कॉलेजात होते. पहिल्याच आठवड्यात माझ्या उष्ट्या सफरचंदावर तारीख पाहून मी दादाला विचारलं, "बायको आणलीस की गोदामाची साहेबीण?" दादा हसला. वहिनी मात्र गंभीरपणे म्हणाली, "पट्टी नसेल तर आत काय आहे ते कळणार कसं?"

पट्टी असली तरी कळत नाही, हे तिला फार पुढं कळलं. आणि ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी गाडीचं स्टिअरिंग नेमकं माझ्या हातात नव्हतं.

मी मोटार शिकवते. शिकणारा चालवतो, मी शेजारी बसते, माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो आणि तोंड अखंड चालू असतं. वहिनी मला 'मास्तरीण' म्हणते. ती स्वतः संशोधक. माणसाच्या मूत्रपिंडाच्या पेशी चपट्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांत वाढवायच्या, त्यांना विषारी काहीतरी देऊन छळायचं आणि मग कुठल्या औषधानं त्या तगतात ते बघायचं, हे तिचं आयुष्यभराचं काम. या पेशींना एक दिवसाआड ताजं गुलाबी पाणी लागतं. त्याला ती जेवण म्हणते. घरात पाहुणे असोत, ताप असो, रविवार असो, "पेशींना जेवायला घालून येते" म्हणून ती पायात चपला अडकवणार. आमच्या आईला शेवटपर्यंत शंका होती, की सून संशोधनाच्या नावाखाली कुठेतरी खानावळ चालवते.

संशोधकाची पत कशी ठरते हे वहिनीनं मला एकदा भांडी विसळता विसळता सांगितलं. आपण पेपर लिहायचा. तो वाचून कुणी आपलं काम पुढं नेलं, तर त्यानं त्याच्या पेपरात खाली लिहायचं, की हे अमक्याकडून घेतलं. याला सायटेशन म्हणतात. असं किती जणांनी आपलं नाव घेतलं ते मोजतात, आणि त्या आकड्यावर बढती, त्यावर अनुदान, त्यावरच खुर्ची. मी म्हटलं, "बरं आहे आमच्या धंद्यात असं नाही ते. माझ्याकडे शिकलेले लोक माझं नाव फक्त गाडी ठोकल्यावर घेतात."

वहिनीचे पेपर तीसेक. त्यांतले बरेचसे गरीब बिचारे. कुणाला आठ सायटेशन, कुणाला वीस, एकाला तर एकच, तेही तिनं स्वतःच दिलेलं. पण एक पेपर मात्र उधळला. त्याला अकराशे. जगात कुठंही कुणी तिच्या पेपरचं नाव घेतलं की तिच्या फोनवर टिंग वाजायची, आणि दहातल्या आठ टिंग याच पेपरच्या असायच्या. एका जुन्या, दुसऱ्याच आजारावरच्या औषधानं मूत्रपिंडाच्या घायाळ पेशी वाचतात, असं त्यात तिनं दाखवलं होतं.

ज्या पेशींवर दाखवलं, त्या तिला सरांनी दिल्या होत्या. सर म्हणजे तिचे गुरू आणि तेव्हाचे विभागप्रमुख. या लोकांची एक रीत आहे. चांगल्या पेशी कुणाकडे असल्या तर मागायच्या आणि त्यानं त्या द्यायच्या, शेजारणीकडून विरजण आणावं तशा. ना तपासणी, ना पावती. सरांनी त्या दूर देशातल्या एका मित्राकडून आणल्या. थंडी लागून मरतील म्हणून बाटली शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली आणि अख्खा विमानप्रवास छातीवर हात धरून, न झोपता केला. ती बाटली वहिनीच्या हातात देताना म्हणाले, "सांभाळ गं. लेक देतोय तुला." वहिनीनं काही पेशी त्याच दिवशी कुप्यांत भरून गोठवून ठेवल्या आणि बाकीच्यांना जेवायला घालायला सुरुवात केली.

मला सर आवडत नव्हते, हे सांगून टाकते. पहिल्याच भेटीत मला म्हणाले, "तुम्ही ड्रायव्हर का?" मी म्हटलं, "नाही, मी ड्रायव्हर घडवते." ते हसले, पण पुढंही ड्रायव्हरच म्हणत राहिले.

असो. मुद्द्यावर येते. एके दिवशी जेवताना टिंग वाजली आणि वहिनी ताटावरून उठली, तिचं नाचायचंच बाकी राहिलं. एका मोठ्या रुग्णालयानं जाहीर केलं होतं, की मूत्रपिंडाच्या रुग्णांना ते औषध देऊन पाहायचं ठरलंय. का ठरलंय, त्याच्या कारणांत पहिलंच नाव वहिनीच्या पेपरचं. आतापर्यंत नाव घेणारे सगळे कागदावर नाव घेत होते. हे प्रत्यक्ष माणसाच्या शरीरात औषध घालणार होते. दादानं आइस्क्रीम आणलं. उरलं त्या डब्यावर वहिनीनं तारीख घातली. त्यातच विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती, सरांचीच जुनी खुर्ची, आणि तिच्यासाठी वहिनीचं नाव पुढं होतं. दुधात साखर म्हणतात ती हीच.

आणि मग तिनं हात दाखवून अवलक्षण केलं. हे दादाचं म्हणणं, माझं नव्हे.

हल्ली पेपर छापायला द्यायचा तर एक दाखला जोडावा लागतो, की आमच्या पेशी आम्ही म्हणतो त्याच आहेत. माणसाची ओळख पटवतात तशी पेशींचीही पटवता येते. वहिनीनं एका नव्या पेपरासाठी आपल्या वाढत्या पेशींचा नमुना तपासायला दिला. निकाल आला: या मूत्रपिंडाच्या नाहीत. कुणाच्या तरी कॅन्सरच्या गाठीतून कधीकाळी काढलेल्या, जगभरच्या प्रयोगशाळांत वाढणाऱ्या, तणासारख्या माजणाऱ्या दुसऱ्याच पेशी आहेत.

"असं होतंच कसं?" मी विचारलं.

"एक थेंब पुरतो," वहिनी म्हणाली. "शेजारी त्या पेशींचं काम चालू असतं. कुणीतरी दोन्हींना एकाच बाटलीतून जेवण घालतं. एक थेंब इकडचा तिकडं जातो. त्या भराभर वाढतात, या हळू. काही आठवड्यांत मूळच्या संपतात आणि दिसायला काहीच फरक नसतो."

भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. पण इथं भटानं घरमालकाला हाकलून दारावरची पाटी मात्र तशीच ठेवली होती.

आता प्रश्न दोन होते. या पेशी बदलल्या कधी, पेपरच्या आधी की नंतर? नंतर बदलल्या असतील तर पेपर शाबूत. आणि आधी बदलल्या असतील तर कुणाकडं? सरांच्या मित्राकडं, की वहिनीच्या हातात? मी तर निकाल लावूनच टाकला होता. खिशात घालून आणलेला माल, पावती ना पत्ता. खापर सरांच्याच डोक्यावर फुटणार. आणि खरं सांगायचं तर मला त्यात थोडी मजाही वाटत होती.

त्या रविवारी मी वहिनीबरोबर प्रयोगशाळेत गेले. एका खोलीत कुप्या गोठवून ठेवायची कमरेएवढी पिंपं होती. तिनं जाड हातमोजे घातले, एकाचं झाकण काढलं आणि पांढरी वाफ काठावरून ओघळून आमच्या पायांशी आली. तिनं आतून लांब दांडीचा कप्पा वर ओढला. त्यात करंगळीएवढ्या कुप्या, आणि प्रत्येकीवर आमच्या फ्रिजमध्ये असते तशी पट्टी. तिनं दोन काढल्या.

"ही सरांनी दिल्या त्या दिवशीची. आणि ही पेपरच्या वेळची."

पहिल्या कुपीवरची शाई फिकट झाली होती, पण अक्षर तेच, मान खाली घालून लिहिल्यासारखं. तिनं दोन्ही कुप्या तपासणीला पाठवायच्या डब्यात ठेवल्या.  

निकाल यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात घरात टिंग वाजली की आधी जे कौतुक व्हायचं, ते बंद झालं. टिंग वाजली की वहिनीचा हात जागच्या जागी थांबायचा. आणखी एकानं नाव घेतलं. आणखी एक माणूस त्या पेपरवर उभा राहिला. एकदा तर भाजी चिरता चिरता तिनं सुरी खाली ठेवली, फोन उचलून दुसऱ्या खोलीत उशीखाली ठेवून आली आणि पुन्हा चिरायला लागली. दादानं आणि मी एकमेकांकडं पाहिलं.

गुरुवारी दुपारी मी एका बेकरीवालीला शिकवत होते. बाई पावाचं पीठ लीलया मळत असेल, पण गिअर टाकताना तिच्या हाताला घाम फुटायचा. वहिनीच्या संस्थेच्या फाटकासमोरून जाताना पाहते तो वहिनी रस्त्याच्या कडेला उभी. पिशवी नाही, छत्री नाही, अंगात प्रयोगशाळेचा पांढरा कोट तसाच. मी ब्रेक दाबला. ती मागचं दार उघडून आत बसली.

"सरांकडे घे," ती म्हणाली.

"अगं, शिकवणी चालू आहे."

"चालू दे. सरांकडे घे."

बेकरीवालीनं आरशातून मागं पाहिलं आणि न सांगता पहिला गिअर टाकला. तिच्या सगळ्या शिकवणीत तेवढा एकच गिअर गुळगुळीत पडला.

"निकाल आला?" मी मान वळवली.

"पहिली कुपी खरी आहे," वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाली. "सरांनी दिल्या त्या मूत्रपिंडाच्याच होत्या. पेपरच्या वेळची कुपी गाठीच्या पेशींची. मधल्या काळात बदलल्या. त्या काळात त्यांना माझ्याशिवाय कुणाचा हात लागत नव्हता."

मी बोटानंच बेकरीवालीला डावं वळण दाखवलं. 

"मी आठवून पाहते आहे सकाळपासून," ती म्हणाली. "कुठला दिवस असेल? घाई होती का? कुणाशी बोलत होते का? काही आठवत नाही गं. एक साधा दिवस असणार. मी बाटली उचलली असेल आणि घरी आल्यावर आपण जेवलो असू."

बेकरीवालीनं सिग्नल तोडला. ते माझ्या पुढच्या चौकात लक्षात आलं.

सर तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. बेकरीवालीला खाली गाडीत बसवून आम्ही दोघी वर गेलो. गुडघे गेलेले, खुर्चीतून उठायला दोन्ही हात लागायचे. भिंतीवर त्यांचे सत्कारांचे फोटो, आणि एका कपाटात त्यांचे पेपर वर्षवार लावलेले. वहिनीनं उभ्यानंच सगळं सांगितलं. "तुमची कुपी खरी निघाली, सर."

सरांनी डोळे मिटले आणि "हुश्श" केलं. अगदी मोठ्यानं. सुटले होते ना बिचारे. मग ते आपलंच हुश्श त्यांना ऐकू आलं, आणि त्या म्हाताऱ्या माणसाचा चेहरा असा काही पडला, की माझ्या मनातला इतक्या वर्षांचा राग अर्धा तिथंच उतरला.

"बस," ते म्हणाले. "सोमवारी तुझी निवड समिती आहे. पेपरवर माझंही नाव आहे, तो मागं घ्यायचा तर पत्रावर माझीही सही लागेल. मी मंगळवारी सही देतो. तोपर्यंत कुणाला काही बोलू नकोस."

"सर, ते रुग्णालय…"

"चार दिवसांनी आकाश कोसळत नाही. अशा गोष्टी सुरू व्हायला महिने लागतात, मला माहीत आहे. ती खुर्ची तुझी आहे, मी उठलो तेव्हापासून तुझीच आहे." मग ते थोडे थांबले. "आणि दुसरं ऐक. लिहिताना माझ्यावर ढकल. पेशी मूळच्याच चुकीच्या आल्या होत्या म्हण. मी आता पिकलं पान. मला काय होणार आहे? तो मित्रही कधीच गेला. कोण जाणार आहे तपासायला?"

वहिनी म्हणाली, "सर, मी तपासलंय ना."

 सरांनी तोंड भिंतीकडं वळवलं. आम्ही निघालो तेव्हा दारापर्यंत येऊ न शकणारा तो माणूस खुर्चीतूनच ओरडला, "मंगळवारी! त्याआधी सही मिळणार नाही, सांगून ठेवतो!" हा त्यांचा प्रेमाचा आवाज होता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

घरी दादा. दादा पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात कामाला. स्वभावानंही गाळलेल्या पाण्यासारखा, ढवळला जात नाही. पण त्या संध्याकाळी ढवळला. "वीस वर्षं तू रविवार पाहिला नाहीस," तो वहिनीला म्हणाला. "आपण कुठं चार दिवस गेलो नाही. कशासाठी? या एका जागेसाठी ना? मग चार दिवस थांबायला काय जातंय? मी खोटं बोल म्हणतोय का? थांब म्हणतोय."

"मंगळवारी लिहिलं तर लोक काय म्हणतील?" वहिनीनं विचारलं.

"काय म्हणतील?"

"खुर्ची मिळेपर्यंत गप्प बसली म्हणतील."

"म्हणू देत!"

मीही दादाच्या बाजूनं होते. म्हटलं, "वहिनी, तुझे सर आडमुठे असले तरी इथं बरोबर आहेत. सोमवारी मुलाखत दे, मंगळवारी सकाळी सकाळी पत्र टाक. मी स्वतः सरांना खुर्चीसकट उचलून आणते सही करायला."

वहिनी हसली. मला वाटलं, पटलं. पण ऐकावं जनाचं, करावं मनाचं, ही म्हण कुणीतरी हिला बघूनच केली असणार. ती म्हणाली, "तू शिकवताना शेजारी बसतेस ना? समोर कुणी आडवं येताना दिसलं, तर ब्रेक लावायला मंगळवारपर्यंत थांबतेस का?"

"समोर कुणी दिसत नाहीये गं अजून."

"मला दिसतंय," ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली. दोन पत्रं होती. एक पेपर छापणाऱ्या मासिकाला, सरांच्या सहीवाचून, नुसतं तिच्या नावाचं. दुसरं त्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना. दुसरं लहान होतं. तुम्ही ज्या पेपरच्या आधारावर औषध देणार आहात तो चुकीचा आहे. पेशी मूत्रपिंडाच्या नव्हत्या. चूक माझ्या प्रयोगशाळेत, माझ्या हातून झाली. कृपा करून थांबा. तिनं ते मोठ्यानं वाचलं. दादा उठून गॅलरीत झाडांना पाणी घालायला गेला, आणि कुंडीखालच्या बशीतून पाणी वाहून जमिनीवर आलं तरी घालतच राहिला.

वहिनीचं बोट बटणावर होतं. ती लगेच दाबेना. मी तिच्याकडं बघत होते आणि माझा उजवा पाय, सवयीनं, फरशीवर दाबलेला होता.

"मास्तरीण," ती म्हणाली, "अकराशे गेले की माझं काय उरतं गं?"

मी एरवी तोंडाळ. त्या वेळी मात्र मला खोटं सुचलं नाही आणि खरं बोलवेना. तिनं बटण दाबलं.

शुक्रवार गेला, उत्तर नाही. मासिकाकडून एक यांत्रिक पोच आली, पत्र मिळालं म्हणून. रुग्णालयाकडून तेही नाही. शनिवारी वहिनी फोन घेऊन न्हाणीघरात गेली. रविवारी पेशींना जेवायला घालायला गेली नाही. खोट्या असल्या तरी इतकी वर्षं घातलं होतं. पण त्या दिवशी नाही गेली. तिनं डॉक्टरांच्या कार्यालयात फोन लावला, तो वाजून वाजून बंद झाला. जेवताना टिंग वाजली आणि आम्ही तिघंही दचकलो. कुठल्याशा अनोळखी माणसानं त्याच पेपरचं नाव घेतलं होतं. अकराशे एक. वहिनीनं ताट बाजूला सारलं, म्हणाली, "मी सांगतेय की खोटं आहे, आणि हे अजून घेताहेत." 

सोमवारी मी शिकवण्या रद्द करून तिला समितीला सोडायला नेलं. आत फोन न्यायला बंदी होती, म्हणून तिनं तो माझ्याकडं दिला. "वाजला तर?" मी विचारलं. ती म्हणाली, "वाजणार नाही," आणि पायऱ्या चढून गेली. कोट नव्हता त्या दिवशी. करड्या रंगाची साडी, आणि खांदे नेहमीपेक्षा जास्त ताठ.

मी गाडी झाडाखाली लावून बसले. फोन मांडीवर. शेजारच्या गाडीतला माणूस पेपर वाचत होता, म्हणजे आपला रोजचा पेपर, ज्याला कुणी सायटेशन देत नाही. बराच वेळ गेला. आणि टिंग नाही, दुसराच आवाज झाला. पत्र आलं होतं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला माहीत आहे. मी वाचलं.

तुमचं पत्र आत्ताच उघडलं, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. शुक्रवारपासून रविवारपर्यंत कार्यालय बंद होतं. पहिल्या रुग्णाला औषध आज सकाळीच द्यायचं होतं. बाई रुग्णालयाचे कपडे घालून पलंगावर बसल्या होत्या, हाताला सुई लावून झाली होती. थांबवलं आहे. सविस्तर कळवा.

गाडी बंद होती, चावी माझ्या पर्समध्ये होती, आणि तरी माझा पाय ब्रेकवर इतका दाबला गेला होता की पोटरीला गोळा आला. मंगळवारी सकाळी सकाळी पत्र टाक, असं मी म्हटलं होतं. दादानं म्हटलं होतं. सरांनी म्हटलं होतं. आम्ही सगळी तिच्यावर जीव टाकणारी माणसं. मी तिथं बसून रडले. शेजारच्या गाडीतल्या माणसानं पेपर वर धरला.

वहिनी बाहेर आली तेव्हा चालण्यावरूनच कळलं. आत बसली, पट्टा लावला आणि समोर बघत सांगायला लागली. अध्यक्षांनी तिचा आकडा वाचला. एकूण सायटेशन चौदाशे, फारच छान, म्हणाले. ती म्हणाली, "त्यातून अकराशे वजा करा." त्यांना वाटलं विनोद आहे, दोघं-तिघं हसलेही. मग तिनं सगळं सांगितलं.

"मग?"

"मग एकानं विचारलं, बाई, हे मागं घ्यायचं पत्र मंगळवारी पाठवता आलं नसतं का?"

"तू काय म्हणालीस?"

"आलं असतं म्हटलं. त्यावर त्यांनी पुढं काही विचारलं नाही."

मी फोन तिच्या हातात दिला. तिनं वाचलं. परत वाचलं. मग फोन मांडीवर उपडा ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी गाडी सुरू केली नाही.

घरी जाताना सरांकडं थांबलो. त्यांना समितीची बातमी आधीच कळली होती; असल्या बातम्यांना पाय फुटतात. सहीचं पत्र करून त्यांनी टेबलावर ठेवलं होतं. वहिनीनं त्यांना डॉक्टरांचं उत्तर दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून ते वाचलं, आणि वहिनीला नाही, मला म्हणाले, "ड्रायव्हर, हिला घरी नीट ने."

खुर्ची दुसऱ्याला मिळाली. तो पेपर मासिकानं मागं घेतला, त्याच्यावर लाल अक्षरात तसं छापलं. तरी त्याच्या टिंग थांबल्या नाहीत. लोक वरचं लाल न बघता खालचं उचलतात. वहिनी प्रत्येकाला पत्र लिहिते, की कृपा करून माझं नाव काढा. निम्मे उत्तरही देत नाहीत. मला तर त्यांच्या घरी जाऊन हॉर्न वाजवावासा वाटतो.

सरांच्या कुप्यांतल्या खऱ्या पेशी तिनं वितळवून पुन्हा वाढवल्या. त्यांना तेच औषध दिलं, त्या बाईंना द्यायचं होतं तेवढंच. वाचणं सोडाच, पेशी दोन दिवसांत बाटलीच्या तळापासून सुटून वर तरंगायला लागल्या. मेल्या. वहिनीनं हे घरी सांगितलं तेव्हा दादा उठला, तिच्या डोक्यावर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला आणि मग चहा टाकायला गेला. त्यावर तिनं छोटासा पेपर लिहिला. या औषधानं मूत्रपिंडाच्या पेशी वाचत नाहीत, उलट मरतात, एवढंच. तो सहजासहजी कुणी छापेना. उपयोग न होणाऱ्या औषधाची कुणाला पडली आहे? अखेर एका लहान मासिकानं छापला.

सर आता अंथरुणाला खिळलेत. मधूनमधून फोन करतात, आणि आवाज खोल गेला असला तरी प्रश्न तोच. परवा रविवारी वहिनीनं फोन टेबलावर ठेवून बोलणं सगळ्यांना ऐकू येईल असं केलं होतं.

"नव्या पेपरचे किती झाले?" सरांनी विचारलं.

"एक."

"स्वतःच दिलंस?"

"नाही सर. त्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी दिलंय. औषध का थांबवलं ते लिहिताना."

  मग सर म्हणाले, "माझे सगळे मिळून पाच हजार आहेत गं. असा एकही नाही."

 वहिनीनं फोन ठेवला, पदरानं डोळे पुसले आणि पायात चपला अडकवल्या. पेशींच्या जेवणाची वेळ झाली होती. मी गाडीची चावी घेतली.